चौसष्टास त्रेसष्ट

"जे राजी असतील त्यांनी हात वर करा," मिस्टर युन म्हणाले. त्यांच्याबरोबर हेस्ती नावाची दुभाषी पोरगी होती, तिनं ते गावच्या जावानी भाषेत सांगितलं. चावडीत बसलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

सरपंच दार्सोनोला ही रीतच पटेना. सभेत कधी काही ठरतं का? ठरतं ते आधी. सरपंचानं घरोघर जायचं, ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, शेळ्यांचं, भाताचं बोलायचं आणि उठता उठता विषय काढायचा. समोरचा 'बघू' म्हणतो, तो कोणत्या सुरात म्हणतो यावरून ओळखायचं. सगळ्यांचं जमलं की मग सभा, ती नुसती माना डोलवायला. पण हातमोज्यांच्या कारखान्याचे हे कोरियन साहेब सांगितल्या तारखेच्या आठ दिवस आधीच येऊन उभे राहिले. दार्सोनोची निम्मी घरं राहिली होती. म्बाह जोयोंचंही राहिलं होतं. म्बाह म्हणजे आजोबा, आणि जोयो तर अख्ख्या गावाचेच आजोबा.

साहेबांना गावाचं गायरान भाड्यानं हवं होतं. हो म्हणायचं तर आज म्हणा, नाहीतर उद्या आम्ही पलीकडच्या गावात. दार्सोनोची लेक यांती चार वर्षं तैवानात परक्या म्हातारीचं हगणंमुतणं काढत होती. कारखाना आला तर पोरगी घरी येणार होती. गावाला हे ठाऊक होतं, पण दार्सोनो स्वतः कोणापाशी बोलला नव्हता. आपल्या पोरीसाठी गावाचं गायरान मागायचं कोणत्या तोंडानं?

त्यानं हात वर केला. सरपंचाचा हात बघून बाकीचेही वर गेले. साहेबांनी बोटानं मोजले. चौसष्ट. चावडीत माणसंच चौसष्ट होती. दार्सोनोच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथंच उठले असते तर काय बिघडलं असतं? पण हेड ऑफिसच्या कागदावर चौकोन दोन होते, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा.

"आता जे विरोधात आहेत त्यांनी."

"साहेब, सगळे राजी झालेत," हेस्ती हळूच म्हणाली.

"तरी विचारावं लागतं."

एकही हात वर जाईना. हात कसा वर करायचा ते दाखवत साहेब तसेच उभे. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. कोणी खोकलं, कोणी उकडलेली शेंग सोलली. मग पुढच्या रांगेतून म्बाह जोयोंचा हात वर गेला.

आता आली का पंचाईत! नव्वदीचा माणूस भर सभेत एकटा हात वर करून बसलाय आणि परका माणूस ते बघतोय. बघवेल का कोणाला? शेजारच्या तुगिमाननं हात वर केला. मग त्याच्या मागच्यानं. मग बायकांची रांगच्या रांग.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तू नीट सांगितलंस ना?"

"शब्द न् शब्द," हेस्ती म्हणाली.

"मग हे नक्की कोणाच्या बाजूनं आहेत?"

हेस्ती शहरात वाढलेली असली तरी जावाचीच होती. तिला सगळं कळलं होतं, पण सांगणार काय, कप्पाळ? "सगळ्यांच्याच, साहेब," ती म्हणाली.

दार्सोनोचा हात मांडीवरून उठला आणि छातीपाशी अडला. वर नेला तर बरोबरी होणार. बरोबरी म्हणजे कारखाना पलीकडच्या गावाला. गाव हो म्हणतंय की नाही म्हणतंय, तेही कळेना. इतकी वर्षं सरपंचकी केली आणि आज ऐन वेळी डोकंच चालेना. साहेबांचं बोट मोजत मोजत त्याच्यापर्यंत आलं. त्यानं हात खाली घेतला.

"चौसष्टास त्रेसष्ट," साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला. "एका मतानं मंजूर. अभिनंदन."

लोक एकेक करून आले, वाकले, हसले, चांगलं झालं म्हणाले आणि गेले. याच माणसांच्या हसण्यावरून दार्सोनो आजवर त्यांच्या मनातलं ओळखत आला होता. आज त्याला एकाही तोंडावरचं काही वाचता येईना. शेवटी म्बाह जोयो उठले. न राहवून दार्सोनोनंच विचारलं, "म्बाह, तुम्ही विरोधात का गेलात?"

"मी? मी कशाला विरोधात जाऊ?" म्हाताऱ्याला खरंच नवल वाटलं. "अरे, तो पाहुणा इतक्या लांबून आला. तीनतीनदा विचारतोय, बिचाऱ्याचा हात आपला वरच. कोणी साद देईना. बरं दिसतं का ते? म्हटलं, आपण द्यावी."

दार्सोनो त्यांच्यापुढे वाकला. "माझंच चुकलं, म्बाह. आधी तुमच्या घरी यायला हवं होतं."

"जाऊ दे ते. यांतीला कळव. लवकर निघ म्हणावं."

पायऱ्या उतरायला दार्सोनोनं हात पुढे केला. म्हाताऱ्यानं तो घट्ट धरला, एक पायरी उतरला आणि थांबला.

"सगळे आले रे माझ्याबरोबर," तो म्हणाला. "मी मात्र तुझ्या हाताची वाट बघत होतो."