बारा सह्या

"पाप म्हणू नका हो," पाळकसाहेब म्हणाले. "फार जड शब्द आहे. पाणी घ्या."

लिफ्टच्या फिटरने पाणी घेतलं नाही. चार मजले चढून गुडघे ठणकत होते, घसा कोरडा पडला होता. पण पाणी घेतलं की साहेब विषय बदलतात, हे त्याला दोन वर्षांत पुरतं कळलं होतं. दर शुक्रवारी चार वाजता तो दोन बस बदलून चर्चच्या इमारतीतल्या या खोलीत यायचा आणि दर शुक्रवारी निर्दोष होऊन परत जायचा.

खाली झाडलोट करणाऱ्या मावशींनी आजही टोकलं होतं. "लिफ्ट ठणठणीत आहे की! साहेब जिन्याने, तुम्ही जिन्याने. पैज लावलीय का दोघांनी?" मग नेहमीचा प्रश्न. "तुमच्या घराजवळ चर्च नाही का हो?"

"आहे."

"मग?"

"मला इथलेच पाळक लागतात."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि दारामागच्या खुंटीवर एक लहानशी लाल छत्री. एकदा धो धो पावसात साहेबांनी अंगातला रेनकोट काढून फिटरला दिला होता, पण छत्रीला हात लावू दिला नव्हता.

"चौकशी समितीने तुम्हाला मोकळं केलंय," साहेब म्हणाले. "मग तुम्हीच का अडकून बसलाय?"

समितीचं खरं होतं. फिटरचं काम असं, की दर महिन्याला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, ब्रेकचं अस्तर किती झिजलंय ते मोजायचं आणि भिंतीवरच्या कार्डावर त्या महिन्याच्या चौकटीत सही करायची. त्या वर्षी नवी कार्डं हातात पडल्यावर त्याने कॅन्टीनमध्ये बसूनच, चहा निवेपर्यंत, बारा चौकटींत बारा सह्या ठोकल्या. सगळेच ठोकायचे. लिफ्ट सप्टेंबरात कोसळली, एक जीव गेला, आणि कार्डावर डिसेंबरची सही होती. समितीने तिला 'नोंदीतील किरकोळ विसंगती' म्हटलं, दोष ब्रेकच्या माथी मारला आणि जाता जाता फिटरच्या सुवाच्य अक्षराची दखल घेतली.

घरी जावई शिकलेला. "बाबा, आपण ठरवतो असं नुसतं वाटतं. मेंदू आधीच ठरवून मोकळा झालेला असतो." पुढच्याच आठवड्यात शेजाऱ्याने जावयाच्या गाडीला ओरखडा काढला, तेव्हा तो तासभर ओरडत होता. शेजाऱ्याच्या मेंदूवर नव्हे, शेजाऱ्यावर.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झोप छान लागू लागली. सकाळी फिटर ताजातवाना होऊन उठायचा, आणि पापही.

"एका माणसाकडे चाळीस लिफ्ट," साहेब समजावत होते. "वरून दबाव. परिस्थितीचे बळी आहात तुम्ही."

"बळी लिफ्टमध्ये होता," फिटर म्हणाला.

साहेबांनी ग्लास टेबलाच्या या कडेचा त्या कडेला ठेवला. पूर्वी हेच साहेब रविवारी असे गरजायचे, की पहिल्या बाकावर बसायला कोणी धजत नसे. मग सहा महिने रजेवर गेले, समुपदेशनाचा कोर्स केला आणि लोण्यासारखे मऊ होऊन परतले. प्रवचनातलं 'पाप' जाऊन 'अडचण' आली. न्यायाचा दिवस तर कॅलेंडरातूनच गेला. बाक भरू लागले.

"देव न्यायाधीश नाही हो. मित्र आहे."

"मित्र असेल तर माझ्याशी खरं बोलेल." फिटर पुढे सरकला. "साहेब, ब्रेक झिजला. झिजण्यावाचून त्याला इलाज नव्हता. माझ्यासमोर जिना होता आणि चहा होता. मी चहा घेतला. कोणी हात धरला नव्हता. ती निवड देवाने माझ्या हातात ठेवली होती. तुम्ही ती काढून घेता, मला ब्रेकच्या शेजारी बसवता, आणि वर त्याला माया म्हणता!"

"म्हणजे नरकात जायचंय?"

"कोणाला हौस आहे? पण न्यायाला उभं राहायचंय. न्याय माणसाचा होतो. यंत्राची फक्त दुरुस्ती होते."

"तुम्ही प्रभुभोजनाला तरी या. दोन वर्षं भाकरीला शिवला नाहीत."

"ती पाप्यांसाठी आहे. अडचणीतल्यांसाठी नाही. तो क्रुसावर कशासाठी मेला, साहेब? किरकोळ विसंगतींसाठी?"

साहेब उठून खिडकीपाशी गेले. "तुम्हाला माझ्याकडून हवंय तरी काय?"

"दोनच शब्द. 'पाप केलंस.' पुढे माफ करा नाहीतर करू नका, तो तुमचा हक्क. मी पाय धरणार नाही. पण आजाराला माफी लागत नाही, बिघाडाला लागत नाही. पापालाच लागते. ते आधी नाव घेऊन समोर ठेवा."

"नाव घेतलं, की माफ करायची वेळ माझ्यावर येते," साहेब काचेकडे बघत म्हणाले. "आजाऱ्यावर निदान रागवावं तरी लागत नाही."

"म्हणूनच मी घराजवळच्या चर्चमध्ये जात नाही."

मग साहेब दाराकडे गेले, खुंटीवरची छत्री काढली आणि ती टेबलावर, फिटरच्या पुढ्यात ठेवली. तिच्या मुठीवर पिवळं बदक होतं. एक तार वाकलेली होती.

"पाप केलंस तू," ते म्हणाले. आवाज जुना होता, रविवारचा. फिटरने दोन वर्षांत पहिल्यांदाच मान खाली घातली.

"त्या लिफ्टमध्ये माझी लेक होती. नऊ वर्षांची."