तीन बोटांच्या खुणा

रघुवीरसरांच्या उजव्या मनगटावर आज एकही निळा डाग नव्हता. मंजिरीने तो हात खिडकीच्या उजेडात धरून दोनदा पाहिला. ती हृदयविभागातली सर्वांत धाकटी डॉक्टर. अँजिओप्लास्टीला न्यायच्या आधी पेशंट तपासायचं काम तिचं.

"काय मॅडमजी, पास ना आज? की परत सप्लीमेंट्री?" सरांनी विचारलं. जन्मभर राजेंद्र नगरात गणित शिकवलेला माणूस.

"पास. प्लेटलेट्स पन्नास हजारांच्या वर गेल्या. गोळ्या लागू पडल्या."

"देखा? आता स्टेंट टाका आणि सोडा मला. हार्टचं जाऊ द्या, इथल्या अळणी खिचडीनेच जायचो मी."

"तुम्ही जरा चूप बसा हो," त्यांच्या पत्नी शारदाबाई म्हणाल्या. त्यांची नजर त्या मनगटावरून हलत नव्हती.

त्या मनगटाने मंजिरीलाही सतावलं होतं. प्लेटलेट्स कमी असल्या की नुसत्या दाबानेही कातडीखाली रक्त साकळतं, हे तिला ठाऊक होतं. पण रोज सकाळी डाग नवे असत, तीनच असत, आणि अंगठ्याच्या मुळाखाली एका रेषेत असत. जिथे नाडी लागते, बरोबर तिथे. अँजिओप्लास्टीची तार तिथूनच हृदयापर्यंत जायची होती. म्हणून तिने नर्सना दटावलं, शारदाबाईंनाही. कुणीच हात लावला नव्हता. शेवटी तिने स्वतः मनगटावर कापूस ठेवून सैल पट्टी बांधली. सकाळी गाठ तिचीच होती, आणि पट्टीखाली तीन ताजे डाग होते.

आज मात्र मनगट स्वच्छ होतं. तिला हायसं वाटलं.

वॉर्डबॉय भियाने ट्रॉली पलंगाला लावली. सर सरकून तिच्यावर आले. तेवढ्यात शारदाबाईंनी ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"आज नको."

"काकू, मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे. आज सगळं जुळलंय. प्लेटलेट्स पुन्हा उतरल्या तर आपल्या हातात काही राहणार नाही."

"आज त्यांनी बघितलं नाही."

"कुणी?"

"आमच्या सासऱ्यांनी. वैद्य होते ना, खजरान्यात दवाखाना होता." भाजी आणायला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या. "दोघांची नाडी ते कधी बघत नसत. एक, ज्याला काही झालेलंच नाही त्याची."

दुसरा कोण, ते मंजिरीला विचारावं लागलं नाही.

"अगं, काय बोलतेस. वडलांना जाऊन जमाना झाला." सर हसले. पण बोलता बोलता त्यांनी हात चादरीखाली ओढून घेतला.

मंजिरीने तो अलगद बाहेर काढला. "मी बघते नाडी. मग सोडाल?"

शारदाबाईंनी मान डोलावली.

तिने तीन बोटं टेकवली. काहीच लागेना. बोटं जरा वर घेतली, जरा खाली. सर डोळे मिटून पडले होते, त्यांचा श्वास चालू होता, कातडी गार होती. पण बोटांखाली काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला नाडी सापडत नव्हती.

मग तिच्या बोटांवर वरून हलकासा दाब आला. नवख्याचा हात धरून शिकवावं तसा. मधलं बोट केसभर सरकलं. तर्जनी किंचित दबली.

आणि तिन्ही बोटांखाली नाडी उसळली. ठणठणीत, सावकाश.

तिने मान वर केली. शारदाबाई तिच्याकडे नव्हे, तिच्या खांद्यामागे बघत होत्या. त्यांनी दांडा सोडला, आणि डोक्यावरून पदर घेतला.