डब्यातलं परडं

"जमिनीत एक रोप दिसता कामा नये," रावजींनी पुन्हा बजावलं. "काय लावायचं ते डब्यात लाव."

"डब्यातच लावलंय, काका," सगुणा म्हणाली आणि मिरचीच्या रोपाला पाणी घालू लागली.

सगुणा ही रावजींची नवी भाडेकरू. जिल्हा परिषदेत टायपिस्ट, वय पस्तिशीच्या आसपास, नवरा बोटीवर. त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये तिनं घरामागची खोली घेतली, तेव्हा भाड्यावरून चकार शब्द काढला नाही. तिथेच रावजींच्या मनात पाल चुकचुकली. रत्नागिरीत घासाघीस न करणारा माणूस एक तर खुळा असतो, नाही तर कशावर तरी डोळा ठेवून आलेला असतो. आणि बाई खुळी दिसत नव्हती.

त्यातून तिनं खोलीच्या आधी परडं पाहिलं. दोन गुंठ्यांचं, भोवती चिऱ्यांचा गडगा, आणि कातळावरच्या त्या वस्तीत कुणाकडे नाही अशी हातभर खोल माती. "इथे भाजी लावू का?" हा तिचा पहिला प्रश्न.

रावजींना कूळ कायदा तोंडपाठ होता. आज बाई चार भेंड्या लावते. उद्या तलाठी पीकपाहणीला येतो आणि "कोण कसतंय?" म्हणून विचारतो. बाई "मीच" म्हणते, की चढलं तिचं नाव सातबाऱ्यावर. मग मालकानं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात. जमीन हातची कशी जाते, हे रावजींनी अगदी जवळून पाहिलं होतं. मुंबईचा मुलगा परत येऊन याच परड्यात घर बांधणार होता, त्यांच्या म्हातारपणाची सगळी भिस्त त्यावर होती. त्यामुळे ते मनातून खरोखरच घाबरले होते.

"ओसरी दिली की हातपाय पसरायला वेळ लागत नाय," ते बायकोला म्हणाले.

"अवो, दोन मिरच्या लावील बिचारी," मथुरा म्हणाली.

"तुला काय कळतंय? मिरचीपासनंच सुरवात होते."

म्हणून डब्यांची अट पडली. सगुणानं मुकाट्यानं डबे जमवले. डालड्याचे, गोडेतेलाचे, दोन फुटक्या घागरी आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या. परड्यातली माती घ्यायलाही रावजींनी मनाई केली. तेव्हा तिनं हातखंब्याहून एसटीच्या टपावर टाकून दोन पोती माती आणली. एवढा जाच होऊनही बाईच्या कपाळाला आठी नाही, हे काही रावजींना पटेना.

जुलैपर्यंत डब्यांनी बाळसं धरलं. खाली पेट्या, वर फळीवर डबे, त्याच्याही वर टांगलेल्या घागरी. भेंडी, लाल माठ, काकडी. दीड खाटेच्या जागेत तिनं जेवढी भाजी काढली, तेवढी रावजींच्या अख्ख्या परड्यात कधी झाली नव्हती. शेजारणी बघायला येत. त्या गेल्या की रावजी एकेक डबा उचलून, बुडातून मूळ बाहेर आलंय का ते तपासत. प्रत्येक डब्याखाली त्यांनी चिरा सरकवला. एकाच जागी राहिले तर ताबा होतो, म्हणून दर रविवारी ते डबे हलवायला लावत. ती निमूटपणे हलवी.

"तुझं माहेर कुठलं गो?" त्यांनी एकदा सहजच विचारल्यासारखं केलं.

"माहेर नाही राहिलं आता," ती म्हणाली आणि माठाची जुडी त्यांच्या हातात ठेवली.

भाजी गोड निघाली. रावजींचा संशय आणखी वाढला.

श्रावणात काकडीचा एक वेल पेटीवरून उतरला आणि जमिनीला टेकला. रावजींनी उचलून पाहिलं, तर पेरापेरातून पांढरी मुळं फुटून मातीत शिरलेली. ते तडक कोयती घेऊन आले.

"काका, काकड्या धरल्यात त्याला," सगुणा धावत आली. "मी उचलून वर बांधते."

"आता काय बांधतेस? माझ्या जमिनीत मूळ धरलंय त्यानं!"

"वेलाला काय कळतंय, जमीन कुणाची ते."

रावजींनी वेल मुळापासून कापला. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकडीच्या वेलासाठी कुणी रडतं का? नक्कीच काही तरी हुकलं असणार हिचं, असं रावजींनी ताडलं.

गणपती झाले आणि तलाठी आला. रावजी अंगात सदरा चढवून बाहेर येईपर्यंत तो सगुणाच्या पायरीवर बसून चहा पीत होता. त्यानं पिशवीतून एक कागद काढून तिला दिला. तिनं त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

रावजींचा तोल सुटला. "तलाठीसाहेब, ही बाई माझी जमीन लाटायला आलीय! हे डबेबिबे सगळं नाटक हाय!"

तलाठी हसला. "डब्यातल्या भाजीला कूळ लागत नाय ओ, रावजी. आणि बाईंनी कुठं नाव लावायला सांगितलंय? जुन्या उताऱ्याची नक्कल तेवढी मागितली होती त्यांनी. तुमचं नाव चढायच्या आधीची."

"ती कशापायी हवी हिला?"

सगुणानं कागदाची नीट घडी घातली. तिचा आवाज चढला नाही.

"सगुणा हे माझं सासरचं नाव, काका. मी गोदूबाईंची काशी. तुम्ही आमच्या या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलात ना, तेव्हा माझ्या आईनं तुम्हाला डबेच द्यायला हवे होते."