पाचव्या फासळीखाली

बोट तिथंच होतं. ठोका नव्हता.

दीक्षानं पुन्हा वरून फासळ्या मोजल्या. पाच. डावीकडे, पाचव्या फासळीखाली. हृदयाचा ठोका बोटाला सगळ्यात ठळक लागतो ती जागा, डॉक्टरी भाषेत एपेक्स बीट. पुस्तकात तिथं, कॉलेजातल्या रबरी बाहुलीत तिथं, तिच्या स्वतःच्या छातीतही तिथंच. फक्त आज कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलावर उताण्या पडलेल्या पोपटरावांच्या छातीत तिथं काही म्हणजे काही नव्हतं. आणि पोपटराव तिचे सख्खे वडील होते.

"गुदगुल्या होतात गं," ते पुटपुटले.

"पप्पा, प्लीज."

सोमवारपासून तिच्या तुकडीचं वॉर्डातलं वर्ष सुरू होणार होतं. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, लहान मुलं, सगळीकडे पाळीपाळीनं. त्याआधीच्या शनिवारी त्यांना शिकवणाऱ्या राजलक्ष्मी मॅडमची एक रीत असे. ज्यानं सोमवारी परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्यानं आधी घरच्या माणसाला लावून दाखवायचा. आठवडाभर घरी तपासा, कागदावर लिहा, शनिवारी कागद आणि माणूस दोन्ही घेऊन या. जमलं नाही, तर वॉर्ड नाही. महिनाभर परत बाहुली.

चार संध्याकाळी घणसोली गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत हाच खेळ चालला होता. सोसायट्यांमधले नळ दुरुस्त करून पोपटराव घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि मुकाट बनियन काढून चटईवर आडवे व्हायचे. आईनं, वेणूबाईनं, पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं होतं. "मला काय धाड भरलीय तपासायला?" म्हणून ती भाकऱ्या थापत बसली. राहिले पोपटराव. काटकुळा माणूस, फासळ्या लांबून मोजता याव्यात असा. जाड असते तर निमित्त तरी मिळालं असतं. दीक्षा कानाला स्टेथो लावायची, तर ठोका कुठून तरी लांबून यायचा, शेजारच्या खोलीत कुणी मसाला कुटत असावं तसा. बोटाला तर लागायचाच नाही. बाहुली जमते, माणूस जमत नाही, एवढंच तिनं त्यातून ओळखलं.

"लिहून टाक ना," तिच्या तुकडीतली अस्मिता फोनवर म्हणाली होती. "डावीकडे, पाचव्या फासळीखाली. सगळ्यांचं तिथंच असतं यार. मी तर आजीला झोपेतून उठवलंपण नाही."

आज सकाळी दीक्षा पेन घेऊन बराच वेळ बसली. मग तिनं लिहिलं, 'एपेक्स बीट सापडला नाही.' मी डॉक्टर होणार नाही असं लिहिल्यासारखं तिला वाटलं.

आता तोच कागद मॅडमच्या हातात होता.

"सापडला नाही?"

"नाही, मॅडम."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"किती दिवस शोधलास?"

"चार."

मॅडमनी कागद खाली ठेवला आणि पोपटरावांच्या छातीवर डावीकडे स्वतःचं बोट टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. इतके दिवस दीक्षाला स्वतःच्या बोटाची भीती होती. छातीतच काही बिघडलं असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. पप्पांना काहीतरी झालंय, आणि आपण चार दिवस आपलंच रडगाणं गात बसलो.

मॅडमचा हात छातीवरून पलीकडे गेला. उजवीकडे थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यांनी तिथं स्टेथो लावला, पोटावर दोन्ही बाजूंना बोटांनी वाजवून बघितलं आणि चक्क हसल्या.

"पोपटराव, तुमचं हृदय उजवीकडे आहे. लिव्हर डावीकडे. आतलं सगळं आरशात बघितल्यासारखं. जन्मापासून."

"वाईट हाय का मॅडम?"

"अजिबात नाही. ठणठणीत ऐकू येतंय. एक कार्डिओग्राम आणि एक्स-रे काढून घेऊ. आणि कधी पोटात दुखलं, तर डॉक्टरला आधी हे सांगायचं."

पोपटराव उठून बसले. "म्हणजे आमच्या बिल्डरनं नकाशाच उलटा धरला म्हणा की."

सगळा हॉल हसला. मॅडम वळल्या. "आज माझ्याकडे सदतीस कागद आलेत. छत्तिसांवर एकच वाक्य आहे, 'डावीकडे, पाचव्या फासळीखाली.' त्यातली किती वाक्यं छातीला हात लावून लिहिलीत, ते मी विचारत नाही." अस्मिता स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. "दीक्षा, सोमवारी पहिला पेशंट तू तपासायचास. बोट चांगलं आहे तुझं. फक्त पुढच्या वेळी पलीकडेही जाऊन बघ."

दीक्षा स्टुलावर बसली आणि एकाच वेळी हसायला आणि नाक ओढायला लागली. हॉलमध्ये आश्चर्य वाटलं नव्हतं ते फक्त सोबत आलेल्या वेणूबाईला. ती नवऱ्याचा शर्ट पुढे धरून उभी होती.

"आई, अगं कळतंय का तुला? पप्पांचं हृदय उजवीकडे आहे!"

"मग? उजवीकडंच वाजतं त्यांचं. लग्न झाल्यापासून."



"तुला माहीत होतं? मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"तू ते इंग्रजीतलं काहीतरी हुडकत होतीस. मी कशाला मधी बोलू?" वेणूबाईनं पदर सावरला. कानाच्या पाळीपर्यंत लाल होत ती हळूच म्हणाली, "आणि मला वाटलं, समद्याच पुरुषांचं तिकडं असतं. मी काय दुसऱ्या कुणाच्या छातीवर डोकं ठेवून बघितलंय?"