एका ओळीची जागा

आई दारातच थांबली. आत यायला ती तयार नव्हती. मुलगी एकटीच जुन्या अंकांच्या खोलीत शिरली आणि तिने म्हाताऱ्यापुढे टेबलावर पिवळा पडलेला कागदाचा तुकडा ठेवला. वर्तमानपत्रातून कापून घेतलेली निधनवार्ता होती. तिच्या आईच्या वडिलांची.

तुकड्यावर तारीख नव्हती. मजकुरात 'रविवारी पहाटे' एवढंच. मुलगी घराण्याची माहिती जमवत होती. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, सगळं एका वहीत. जन्ममृत्यूच्या कचेरीतल्या कारकुनाने तिला दोनदा परत पाठवलं होतं. आधी गेल्याची तारीख आणा, मग गेल्याचा दाखला देतो, म्हणाला. तारीख कळावी म्हणूनच दाखला मागतेय, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

म्हातारा हसला. याच वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्याने उभी हयात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. अक्षरं तो उशिरा शिकला, चांगलं मिसरूड फुटल्यावर, आणि तीही खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. पुढे यंत्रं बदलली, खिळे भंगारात गेले. तो मात्र या खोलीत राहिला. आपली गेलेली माणसं शोधत येणाऱ्यांना जुने अंक काढून द्यायचा.

त्याने भिंग घेतलं. मजकूर वाचण्याआधीच नजर तळाशी गेली आणि त्याचा चेहरा खुलला. शेवटच्या ओळीखाली एक छोटं फूल छापलेलं होतं.

"हे माझं फूल," तो म्हणाला.

बरोबर एका ओळीच्या उंचीचा तो खिळा त्याने स्वतः पारखून आणला होता. निधनवार्तांचा रकाना त्याच्याकडे असायचा. तळाशी फूल लावल्याशिवाय त्याने तो रकाना कधी यंत्रावर चढू दिला नाही. दोन वर्षांनी खिळा हातातून निसटला आणि एक पाकळी उडाली. तुकड्यावरच्या फुलाच्या पाचही पाकळ्या शाबूत होत्या. म्हणजे शोधायचं ते त्या दोन वर्षांतच. अर्ध्या तासात त्याने बांधलेल्या अंकांतून नेमकं पान उघडून दिलं. "त्या कारकुनाला सांग, फुलावरून तारीख काढली," तो म्हणाला.

मुलीने तारीख वहीत उतरवली. मग आवाज खाली आणून तिने आई बाहेर का थांबली ते सांगितलं. आईने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. वडिलांनी बोलणं टाकलं, म्हणून तीही घरी पत्ता न कळवता दूर राहायला गेली. पाच वर्षांनी ते गेल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती पिशवी भरून निघाली. बसथांब्यावर हा अंक हाती आला. 'मागे पत्नी, तीन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' लेकीचा उल्लेखच नाही. ती तिथूनच मागे फिरली. पुढे आजी गेली, तेव्हाही ती गेली नाही.

"अडतीस वर्षं तिने हा तुकडा सांभाळलाय," मुलगी म्हणाली. "मामांपैकी एकाचंही तोंड पाहिलेलं नाही."

म्हाताऱ्याच्या हातातलं भिंग तसंच राहिलं.

छापखान्याची एक रीत होती. रकान्यात मजकूर मावेनासा झाला की वार्तेची शेवटची ओळ काढायची. कुणाला विचारायचं नाही. या रकान्यातली माणसं तक्रार घेऊन येत नाहीत, असं सगळे गमतीने म्हणत. सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा.

तारीख मिळाली होती. काम झालं होतं. पोरगी वही मिटून उठलीही होती. तो गप्प बसला असता, तर कुणाला काही कळलं नसतं.

"थांब जरा," तो म्हणाला.

पुढे वाद नको म्हणून निधनवार्तांच्या, घरच्यांच्या सहीच्या मूळ चिठ्ठ्या मागच्या कपाटात ठेवलेल्या असत. त्या महिन्याचा गठ्ठा त्याने सोडला. मुलीच्या आजोबांच्या वार्तेची चिठ्ठी सापडली. पत्नी, तीन मुलगे, सुना, नातवंडे. त्याखाली आणखी एक ओळ होती. 'मुलगी परगावी असते. पत्ता ठाऊक नाही. घरी तिची वाट पाहत आहोत.'

त्या ओळीवर निळ्या पेन्सिलीची रेघ होती. अगदी सरळ. त्याच्या रेघा सरळच असायच्या.

पत्ता नाही म्हणून त्या लोकांनी वर्तमानपत्रातून हाक मारली होती. आणि वाचूनही बहीण आली नाही, असं तिकडे भाऊ इतकी वर्षं समजत असणार.

मुलीने हात पुढे केला, पण त्याने चिठ्ठी तिच्या हातात दिली नाही. स्वतः दारापर्यंत घेऊन गेला. आईने ती उजेडाकडे धरून वाचली. पुन्हा वाचली.

"धाकट्याचं अक्षर," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ही रेघ कुणाची?"

"माझी." त्याला मान वर करवेना. "जागा नव्हती, ताई."

आई उंबरा ओलांडून आत आली. टेबलापाशी जाऊन तिने चिठ्ठी आपल्या तुकड्याशेजारी ठेवली. तुकड्यातल्या एकेका ओळीवरून बोट फिरवत ती खाली आली, आणि बोट तळाशी थांबलं.

"फुलाला होती," ती म्हणाली.