कृष्णवेणीचे सोवळे

फोन पुन्हा वाजला, तशी कृष्णवेणी भिंतीकडे सरकली. “शिवू नका. मी सोवळ्यात आहे.”

वासुदेवराव स्वयंपाकघराच्या दारात थांबले. हातातला बिनतारी फोन वाजतच राहिला. त्यांच्या मुलाने, राजगोपालने, पोंगलला मद्रासहून येताना तो आणला होता. मूळ पेटी पुढच्या खोलीत असे. हे हातातले यंत्र मात्र विहिरीपर्यंत कोठेही नेता येई. “आता आई घरात कोठेही असो, माझ्या हाताशी आहे,” असे राजगोपाल म्हणाला होता. पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या वासुदेवरावांना ते वाक्य तेव्हाच खटकले. लहरी एकाच कानासाठी निघत नाहीत. त्या चहूकडे पसरतात. कोण ऐकत असेल याचा नेम नाही. म्हणून या यंत्रावर घरातले काही बोलायचे नाही, असा नियम त्यांनी घालून दिला. कृष्णवेणीने तो लगेच मान्य केला. इतक्या लगेच, की त्यांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

कुंभकोणमच्या त्या वैष्णव मराठी घरात वासुदेवरावांना एकच मतपरिवर्तन साधले होते. त्यांची आई गेली, आणि त्यांच्या सांगण्यावरून कृष्णवेणीने सोवळे सोडले. आयुष्यातला आपला एकमेव यशस्वी प्रयोग म्हणून ते त्याकडे पाहत. आता त्याच घरात ओले लुगडे काठीने पुन्हा उंच दांडीवर चढू लागले होते. पोंगलनंतर हे सोवळे सकाळपुरते होते. मग दुपारी आले. अलीकडे दिवेलागणीलाही ती कोणाला शिवत नसे.

पहिला संशय शेजारच्या गंगाबाईंवर गेला. त्या प्रवचन कधी चुकवत नसत. वासुदेवरावांनी त्यांना सरळच विचारले.

“मी?” गंगाबाई हसल्या. “अय्यो, प्रोफेसर! माझे सोवळे गुडघ्यांबरोबरच गेले. तुमच्या घरी ते परत आले असेल, तर तुमच्या सायन्सातच काही खोट असेल.”

राजगोपालला खोट कोठे आहे ते आधीच कळले होते. “अण्णा, हे वयाचे लक्षण आहे,” तो फोनवर म्हणाला. “रविवारी गाडी घेऊन येतो. आई आता इकडेच राहील. इथे चांगले डॉक्टर आहेत, आम्ही आहोत. फोन तिच्या उशाशीच ठेवू.”

 कृष्णवेणी मद्रासला गेली, की परत यायची नाही, हे वासुदेवरावांना ठाऊक होते. तिची बुद्धी ढळत असेल, तर मुलाचे म्हणणे बरोबर होते. ढळत नसेल, तर ती काहीतरी लपवत होती. यांपैकी खरे कोणते, हे रविवारच्या आत समजणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चपला काढून मागच्या अंगणात शिरले. फोन सवयीने हातातच होता. विहिरीला वळसा घालून ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले आणि कान देऊन उभे राहिले. जप ऐकू येईना. त्यांनी आत डोकावले. देवापुढची समई कोरडी होती. कृष्णवेणी सोवळ्याच्या लुगड्यात, भिंतीला टेकून, पाय लांब पसरून बसली होती, आणि कॉफी पीत होती. तीही वरून न ओतता, उष्ट्याची पर्वा न करता, पेल्याला ओठ लावून.

“हे तुझे सोवळे?”

ती दचकली नाही. “हळू बोला. गंगाबाई ऐकतील.”

“पूजा नाही, जप नाही. देवाचे नाव पुढे करून तू...”

“देवाला उगीच कशाला गोवता? त्याने मला आजवर एकदाही हाक मारलेली नाही.” तिने पेला खाली ठेवला. “जुना फोन आपल्या जागी असायचा. मी विहिरीपाशी असले, की वाजून वाजून गप्प व्हायचा. हा होत नाही. तिकडे रसम पातळ झाले, विचार आईला. पोर शिंकले, सांग आईला. तुळशीपाशी येतो, न्हाणीच्या दाराशी येतो. आणि आणतो कोण? तुम्ही. एवढे शिकलात, पण ‘नंतर फोन कर’ असे एकदा मुलाला सांगता आले नाही. तेव्हा मला तुमच्या आईंची आठवण झाली. त्या सोवळ्यात असल्या, की त्यांना हाक मारायची घरात कोणाची टाप नव्हती. मला तेव्हा वाटायचे, केवढी ही भक्ती!”

तेवढ्यात वासुदेवरावांच्या हातातला फोन वाजला. कृष्णवेणीने पसरलेले पाय जवळ ओढले.  ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

ते खिडकीपासून दूर झाले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

“अण्णा, आईला द्या. रविवारचे बोलायचे आहे.”

“रविवारी येऊ नकोस. तुझ्या आईची बुद्धी ठिकाणावर आहे. मी खात्री करून घेतली.”

“बरे, पण बोलू तर द्या तिच्याशी.”

“ती सोवळ्यात आहे.”

पलीकडे राजगोपाल हसला. “अण्णा, तुम्हीसुद्धा? या फोनला साधी तारही नाही. त्याचा कसला विटाळ?”

“तार नाही, म्हणूनच,” वासुदेवराव म्हणाले.