जळालेले लायनर

मिस्त्रीने मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. ते मोकळं फिरलं. म्हाताऱ्याच्या मुलीला आत बसवून त्याने हँडब्रेक ओढायला सांगितला. चाक जागच्या जागी थांबलं. खाली करायला लावला, पुन्हा मोकळं. केबल अडकत नव्हती, स्प्रिंग शाबूत होती. मग त्याने ड्रम काढला आणि ब्रेकचे लायनर म्हाताऱ्यासमोर धरले. काचेसारखे गुळगुळीत, कडांना काळे पडलेले.

“जळालेत. हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी पळवलीय कुणीतरी. लाल दिवा लागतो ना समोर?”

“त्याचा बल्ब कधीच गेला. आणि कुणीतरी म्हणजे काय? चालवतो मीच. असलं काही करत नाही मी. गाडीतच खोट आहे.”

मुलगी गाडीतून उतरली. चावी तिच्या मुठीत होती. “परवा चौकात चाकातून धूर निघाला. लोक बादल्या घेऊन धावले. आई होती तोवर असं एकदाही झालं नाही.” ती मिस्त्रीकडे वळली. “दादा, स्पष्ट सांगा. दोष गाडीचा असेल तर दुरुस्त करा. बाबांचा असेल तर ही चावी माझ्याकडेच राहील.”

“तू जन्मलीस तेव्हा दवाखान्यातून याच हातांनी घरी आणलंय तुला.”

“हातांनी आईने आणलं, बाबा. तुम्ही गाडी चालवत होतात.”

मिस्त्रीने नवे लायनर बसवले, चाक खाली उतरवलं आणि मुलीकडून चावी मागून घेतली. “चला, एक चक्कर मारू,” तो म्हाताऱ्याला म्हणाला आणि शेजारच्या सीटवर बसला. मुलगी गॅरेजपाशीच थांबली.

म्हाताऱ्याने पट्टा लावला, आरसा पाहिला, क्लच दाबून पहिला गियर टाकला. मग थांबला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. जरा वेळाने त्याने क्लच सोडला. गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी रखडत निघाली.

मिस्त्रीने दोघांमधला हँडब्रेक खाली केला. गाडी सुटली.

“हं. आणि घरी गेल्यावर त्या समोरच्याला सांग, स्कूटर आपल्या फाटकात लावू नकोस म्हणून,” म्हातारा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. “माझं ऐकत नाही तो. तुला घाबरतो.”

त्याने शेजारी पाहिलं. हँडब्रेकवर ग्रीसने माखलेला हात होता.

त्याने गाडी कडेला घेतली.

“मी गियर टाकायचा, तिने हा खाली करायचा,” तो म्हणाला. “मी विसरायचो, ती चिडायची. मग एक दिवस म्हणाली, तुम्ही पुढे बघा, हे माझ्याकडे.”

“आता ते तुमच्याकडे आलं, बाबा.”

“कळतं हो. हात जात नाही.” तो काचेबाहेर बघत राहिला. “बिघाड होता असंच सांगा ना पोरीला. चावी गेली तर घरात बसून करू काय? घरात तिची आई कधी बसायचीच नाही. बसली तर इथेच.”

“खोटं नाही सांगणार. एकदा स्वतः खाली करून दाखवा. मग चावी द्या म्हणून मीच सांगतो त्यांना.” मिस्त्रीने हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर घेतले.

म्हाताऱ्याने गियर टाकला. डावा हात स्टिअरिंगवरून काढला. तो हँडब्रेकच्या जरासा वर येऊन अडला, तिथे आधीच कुणाचा हात असावा तसा. मिस्त्रीने तोंड खिडकीकडे वळवलं. मागे हँडब्रेकचं बटण दबल्याचा बारीक आवाज झाला.

गाडी निघाली, अगदी मोकळी. गल्लीच्या टोकापर्यंत ती पहिल्याच गियरमध्ये गुरगुरत गेली. दुसरा टाकायला हात मोकळा नव्हता, तो अजून हँडब्रेकवरच होता.